सात वाजताची इस्त्री

संध्याकाळचे सात वाजत आले की माझं वाचनात लक्ष लागत नाही. पुस्तक उघडं असतं, दिवा असतो, खुर्ची तीच असते. पण दोन ओळी झाल्या की मी उठते, गॅलरीत जाते, परत येते, उगाच पाणी पिते. जयपूरच्या मानसरोवर भागातल्या या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले त्याला सहा वर्षं झाली. त्यातलं जवळजवळ एक वर्ष असं होतं, की सात ते आठ हाच माझा दिवसातला सगळ्यात चांगला तास होता. घर एकदम शांत व्हायचं. ती शांतता कुठून येते, हे मी कधी विचारलं नाही. लिहायचं आहे ते खालच्या काकांविषयी. पण हे आधी सांगितल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही.

काका रेल्वेत कंट्रोलर होते. मूळचे अकोल्याकडचे, बदल्या होत होत जयपूरला आले आणि इथेच निवृत्त झाले. कंट्रोलर म्हणजे एका बंद खोलीत बसून, कानाला फोन लावून, कागदावर पेन्सिलीने गाड्या चालवणारा माणूस. त्या मोठ्या कागदाला ते चार्ट म्हणत. कडेला एकाखाली एक स्टेशनांची नावं, वरती आडवे तास. गाडी धावत असली की तिची रेघ तिरकी जाते. गाडी उभी राहिली की रेघ आडवी होते. "तीस वर्षं गाड्या चालवल्या मी," ते म्हणायचे, "आणि एकही डोळ्यानं पाहिली नाही." हे ते तक्रारीने म्हणत नसत. गाडी पाहावी लागणं म्हणजे त्यांच्या लेखी कामात काहीतरी कमी राहिल्याची खूण होती.

मी खोली पाहायला आले तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, मांस-मच्छीचं विचारलं नाही, लग्नाचंही नाही. हातात पेन्सिल धरून त्यांनी एवढंच विचारलं, "आंघोळ किती वाजता?"

मी गोंधळून म्हटलं, "सहा-साडेसहा."

"सहा, का साडेसहा?"

"सहा."

"गीझर किती मिनिटं?"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, बाई मास्तरीण आहे. तिला घर द्यायचं आहे, सिग्नल नाही द्यायचा."

काकूंचा आवाज आधी आला आणि त्या मागून आल्या, सावकाश, नाकाला पारदर्शक नळी लावलेल्या. नळी बरीच लांब होती, दिवाणखान्यातून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पुरेल अशी. तिचं दुसरं टोक कोपऱ्यातल्या एका यंत्रात होतं. काकूंची फुप्फुसं हळूहळू कडक होत चालली होती. ते यंत्र खोलीतल्याच हवेतून प्राणवायू वेगळा काढून त्यांना देत असे. वीज गेली तर म्हणून दारामागे एक सिलिंडर उभा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नळी काढायची नाही. यंत्राचा एक आवाज होता, धप् आणि मग लांब सुस्कारा, धप् आणि सुस्कारा. माझ्या खोलीच्या फरशीतून तो दिवसरात्र वर यायचा. सुरुवातीला मला त्याचा त्रास झाला. मी तसं कधी बोलले नाही, पण त्रास झाला.

मग गल्लीत स्मार्ट मीटर आले. जुना मीटर काढून नेला तेव्हा काका पायजम्यावर बाहेर उभे होते, आणि बसवणाऱ्याने जाता जाता सांगितलं, "साब, अब चाहो तो टाइम वाला रेट भी ले सकते हो." दुपारी उन्हाची वीज भरपूर, म्हणून स्वस्त, संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, कुलर, टीव्ही एकदम लागतात, म्हणून महाग. नको असेल तर साधा दर, चोवीस तास एकच. ज्याने त्याने आपल्या घराला काय परवडतं ते पाहून निवडायचं.

बाकीच्या गल्लीने चार दिवस चर्चा केली आणि विषय सोडला. काकांनी मात्र निवृत्त झाल्यापासून गुंडाळून ठेवलेले कोरे चार्ट माळ्यावरून खाली काढले.

"एक वर्ष ट्रायल," त्यांनी जाहीर केलं. "उन्हाळा, पावसाळा, थंडी, सगळे मोसम गेले पाहिजेत. तोपर्यंत दर साधाच राहील. पण घर चालेल ते वेळेच्या दरानं. मग बेरीज करू, मग फॉर्म भरू."

चार्टाच्या कडेला स्टेशनांच्या जागी नावं आली: मोरी, ओटा, गच्ची, वरची मॅडम. मी एक स्टेशन झाले. पाण्याचा पंप आणि कपडे धुण्याचं मशीन या मालगाड्या. त्यांना फक्त दुपारचा रस्ता मोकळा. गीझर ही पॅसेंजर. मिक्सर, इस्त्री या लहानसहान गाड्या. संध्याकाळी सहानंतर सगळ्यांना लूपवर घालायचं, म्हणजे बाजूच्या रुळावर उभं करून ठेवायचं. समोरच्या भाभीजी फाटकावरून विचारायच्या, "कंट्रोलर साब, आज चटनी कितने बजे की है?" काका गंभीरपणे मनगटावरच्या घड्याळात पाहून सांगायचे, "ग्यारह दस. राइट टाइम."

एकदा कॉलेजातली मैत्रीण सव्वासहाला आली म्हणून मी चहासाठी विजेची किटली लावली. पाच मिनिटांत दारावर टकटक. काका बाहेर उभे, हातात थर्मास. "मॅडम, किटली बंद करा. दुपारचा चहा भरून ठेवला होता, अशा वेळेसाठीच." चहा कोमट होता. मैत्रीण नंतर जिन्यात हसत सुटली. मी हसले नाही. मला वैताग आला होता, आणि त्या वैतागात आपण या घरात किती दिवस काढणार असा विचारही होता.

जूनमध्ये सगळ्यात कठीण. दुपारी कुलर धो धो चालू आणि सहा वाजता बंद. मग काका पंखासुद्धा नको म्हणून गच्चीवर जाऊन बसायचे. गच्चीची फरशी पाय टेकवू देत नसे. ते एका पाटावर पाय वर घेऊन बसत आणि म्हणत, "गाडी रद्द नाही केली, थांबवली आहे. फरक आहे."

हिशेबाबाहेर एकच गोष्ट होती. प्रत्येक चार्टावर, सगळ्यांत वर, काकूंच्या यंत्राची लाल रेघ असायची. रात्री बारापासून रात्री बारापर्यंत, पट्टीने मारल्यासारखी आडवी. ती दाखवताना एकदा ते म्हणाले, "आमच्याकडे आडवी रेघ म्हणजे उभी गाडी. तीस वर्षांत ही एकच पाहिली, आडवी असून चालती. हिला कोणी अडवायचं नाही. बाकीच्या सगळ्या हिच्यासाठी थांबून राहिल्या."

काकू तिथेच शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पावणेसात वाजता काका घराबाहेर पडत. त्यांचा नियमच होता: महागाच्या वेळात एक माणूस घरातून कमी झाला की तेवढा दिवा कमी, तेवढा पंखा कमी. ते पार्कात जात आणि आठला परत येत. पार्कात त्यांचा दरबारच भरू लागला. लोक बिलं घेऊन येत. काका बिल बाजूला ठेवत आणि विचारत, "पहले ये बताओ, दिन में घर पर कौन रहता है?" नवरा-बायको दोघं नोकरीला आणि मुलं शाळेत, म्हणजे दुपारची स्वस्त वीज घ्यायला घरात कोणी नाही, साधाच दर ठेवा. म्हातारी माणसं घरी असतील, पंप-मशीन दुपारी लावता येत असेल, तर वेळेचा दर घ्या. गोपालपुऱ्याहून एक हॉस्टेलवाले आले होते. त्यांना काकांनी एका वाक्यात परत पाठवलं: "आपका सारा ट्रैफिक शाम का है. साधा रखो." सोप्या प्रश्नाचं एवढं नेमकं उत्तर देणारा माणूस पार्कात दुसरा नव्हता. मीही एकदा तिथून जाताना थांबून ऐकलं, आणि मला त्यांचा थोडा अभिमान वाटला. वैताग आणि अभिमान एकाच माणसाविषयी, एकाच आठवड्यात.

आणि इकडे घरी, ते पावणेसातला फाटकाची कडी लावून गेले की थोड्या वेळाने ती शांतता व्हायची. फरशीतून येणारा धप् आणि सुस्कारा थांबायचा. मी खुर्चीत सावरून बसायची आणि वाचायला घ्यायची. आठला कडी वाजली की आवाज पुन्हा सुरू. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी इतिहास शिकवते. नोंदी कशा पाहाव्यात हे मुलांना सांगते. तरी मी मनाशी एवढंच म्हटलं की काकू यंत्र साफ करत असतील, किंवा संध्याकाळी त्यांना बरं वाटत असेल. मला तो तास हवा होता.

त्या वर्षी डॉक्टरांनी यंत्राची मात्रा दोनदा वाढवली. आजारच तसा होता. निदान सगळे तसं म्हणतात.

वर्ष संपत आलं तेव्हा काकांनी फॉर्म आणून ठेवला होता. वेळेच्या दरासमोर पेन्सिलीने फिकट खूणही केली होती. बेरीज त्यांच्या बाजूने होती. फक्त चार्टात एक जागा कोरी होती: सात ते आठ. मीटरचे आकडे ते दर तासाला टॉर्च घेऊन स्वतः टिपत, आणि त्या वेळी ते पार्कात असत. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. काकू आत झोपल्या होत्या, दार अर्धवट लोटलेलं.

"मॅडम, तुमच्या मोबाइलवर म्हणे मीटरचा तासातासाचा आकडा दिसतो. माझा फोन बटणांचा. तेवढा तास भरून द्या. आपण लिहिलेला नाही तो आकडा मला आवडत नाही, पण इलाज नाही."

मी वाचायला लागले. "सहा ते सात, पॉइंट पाच युनिट. सात ते आठ, पॉइंट एक. आठ ते नऊ..."

"थांबा. सात ते आठ किती?"

"पॉइंट एक."

"चुकलं. तुमचा दिवा, आमचा फ्रिज, एवढ्यालाच तेवढं लागते. यंत्र एकटंच पॉइंट तीन घेते. आदल्या दिवशीचं सांगा."

आदल्या दिवशीही पॉइंट एक. त्याच्या आदल्या दिवशीही. मी बोट सरकवत मागे मागे गेले. दिवाळी, दसरा. मोबाइलच्या पडद्यावर रोज त्याच जागी एक दात पडल्यासारखी फट होती. काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"त्या वेळी तुम्ही वर असता."

"हो."

"यंत्राचा आवाज येते?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "नाही येत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ ते चार्टावरच्या लाल रेघेकडे पाहत होते. ती त्यांनी रोज न बघता, खात्रीने, सलग ओढली होती. मग हळू आवाजात म्हणाले, "पार्कात सगळ्यांना विचारत बसलो, दिवसा घरी कोण असते. संध्याकाळी माझ्या घरी कोण असते, हे..." मग म्हणाले, "आणि तो दर तर अजून लागूसुद्धा नव्हता. ट्रायल होती." खोडरबर घेऊन त्यांनी फॉर्मवरची पेन्सिलीची खूण पुसली, आणि रबराचा चुरा फुंकरीने उडवला.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला कडी वाजली नाही. सात वाजता खालून मिक्सरचा आवाज आला. मी धावत खाली गेले, मला वाटलं काही बिघडलं. काका दिवाणखान्यात टेबलावर चादर घालून सदऱ्याला इस्त्री करत होते. पंप चालू होता. मशीन कपडे धूत होतं. सगळे दिवे लागलेले. कोपऱ्यात यंत्र धप् आणि सुस्कारा, आणि काकू खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होत्या.

"ती योजना रद्द झाली," काका माझ्याकडे न बघता मोठ्याने म्हणाले. "सरसकट एकच दर. आता कधीही काहीही चालवा."

"बरं झालं," काकू म्हणाल्या.

गल्लीला वाटलं कंट्रोलर साहेबांचं डोकं फिरलं. वर्षभर घड्याळावर चालणारं घर, आणि आता संध्याकाळ झाली की लग्नघरासारखा झगमगाट. पार्कातले लोक फाटकाशी येऊन विचारत, "साब, आपने खुद कौन सा लिया?" काका म्हणत, "साधा." आणि आत जाऊन इस्त्री लावत. रोज सात वाजता. कपडे संपले तर टॉवेलला, टॉवेल संपले तर उशीच्या अभ्र्यांना. मालगाड्यांचा चार्ट काढणं त्यांनी बंद केलं. फिरायला ते पहाटे जाऊ लागले, काकू झोपेत असताना, आणि जाण्याआधी यंत्रापाशी उभे राहून दोन मिनिटं ऐकत. हे मी जिन्यातून पाहिलं आहे.

या थंडीत ते गेले. सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसले, घड्याळ बांधायला हात पुढे केला आणि तसेच राहिले. बुद्धविहारातून माणसं आली, त्रिशरण-पंचशील झालं. मुलगी नागपूरहून आली, पुण्यानुमोदनापर्यंत राहिली. आईला सोबत न्यायचं तिच्या मनात होतं. काकू म्हणाल्या, उन्हाळ्यानंतर बघू. मुलगी जाताना मला म्हणाली, "लक्ष ठेवाल ना?" मी हो म्हटलं. ते हो म्हणताना मला कसं वाटलं ते मी तिला सांगितलं नाही.

तेव्हापासून मी सातला खाली जाते. माझ्या साड्या सुती आहेत, इस्त्री लागतेच, असं मी कारण सांगितलं होतं.

काल मीटर काकूंच्या नावावर करायचा फॉर्म आला. मी टेबलाशी बसून तो भरत होते. नाव, पत्ता, आणि मग तो रकाना: साधा दर की वेळेचा. पेन तिथे अडलं.

"काय विचारून राहिले ते?" काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू. दराचं आहे. आता एकच आहे, तोच लिहिते."

"एकच आहे?"

"हो."

यंत्राने एक सुस्कारा टाकला, मग दुसरा. काकू म्हणाल्या, "त्यांना इस्त्री येत नव्हती, बाई. एक सदरा चार वेळा करायचे आणि चारही वेळा कॉलर तशीच. मला दिसत नव्हतं का?"

मी पेन खाली ठेवलं.

"तू आकडे वाचत होती ना त्या रविवारी, मी आत जागीच होती," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांना मध्ये थांबावं लागत होतं, आणि त्या थांबत होत्या. "माझ्या एका गाडीसाठी त्यांनी सगळं घर थांबवून ठेवलं होतं. जूनमध्ये गच्चीवर बसत होते. मला लाज वाटायची. म्हटलं, एक तास मी पण थांबते. गुपचूप बसून राहायची, बोलायचं नाही, हलायचं नाही. जमत होतं."

"काकू, मला आवाज बंद झालेला कळत होता."

हे वाक्य मी दोन वर्षं घेऊन फिरत होते. काकूंनी ते ऐकलं. त्यांनी मला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी नळी कानामागे नीट केली, आणि भिंतीवर टांगलेल्या काकांच्या मनगटी घड्याळाकडे पाहिलं.

"साधा दर लिही," मग त्या म्हणाल्या. "दोन आहेत ते मला माहीत आहे. साधाच लिही."

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली, एकेक अक्षर सुटं, वाकून.

"सात वाजले," त्या म्हणाल्या. "साडी आणली का?"

मी टेबलावर चादर घातली, इस्त्रीचं बटण दाबलं, आणि ती तापेपर्यंत उभी राहिले.